बॅकपॅक घेऊन एकट्याने फिरताना शेवटचे चार-पाच दिवस: बँकॉकहून परतणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लाओस, व्हिएतनाम, उत्तर थायलंड, जमलं तर एखादं बेट आणि शेवटी बँकॉकहून मुंबईचं विमान, असा महिना-दीड महिन्याचा फेरा एकट्याने करणारी मराठी मुलंमुली आता बरीच आहेत. निघण्याआधीच्या तयारीवर ढीगभर लिहिलं जातं. परतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला येणारे घाबरेघुबरे मेसेज मात्र नेमके परतीच्या आठवड्यातले असतात. माझा हट्ट एकच: शेवटचे दिवस मोकळे ठेवा. तिथे ‘अजून एक ठिकाण’ कोंबायला गेलात की सगळं अंगावर येतं. खालची बरीचशी उत्तरं याच हट्टातून आलेली आहेत.

परतीच्या विमानाच्या किती आधी बँकॉकला पोचावं?

किमान दोन रात्री आधी. तीन असतील तर उत्तम.

यावर लगेच ऐकू येतं, ‘पण बँकॉक तर मी सुरुवातीलाच बघितलंय.’ मुद्दा बँकॉक बघण्याचा नाही. या भागातला लांबचा प्रवास एकमेकांत अडकलेला असतो. बोट उशिरा आली की बस चुकते, बस चुकली की रात्रीची रेल्वे जाते. प्रवासाच्या मध्यावर असं झालं तर आपण हसून सोडून देतो, एखाद्या गावात एक रात्र जास्त राहतो, आणि पुढे तीच गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगतो. विमान दुसऱ्या दिवशी असेल तर त्याच उशिरासाठी नवं तिकीट काढावं लागतं, आणि आदल्या दिवशी काढलेलं बँकॉक-मुंबई तिकीट स्वस्त नसतं. त्या किमतीत आठवडाभर डॉर्म आणि जेवण सहज निघतं.

एप्रिलमध्ये परतणार असाल तर सोंगक्रानकडे लक्ष ठेवा. १३ ते १५ एप्रिल हे थाई नववर्षाचे दिवस. दिवाळीत पुण्याहून विदर्भात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था असते, तीच तेव्हा तिथल्या बस-रेल्वेची असते. रस्त्यावर कुणीही तुमच्यावर बादलीभर पाणी ओततं, तेव्हा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला विसरू नका.

बेटं शेवटी ठेवली तर चालेल का? आराम करूनच घरी जायचं आहे.

कल्पना छान आहे, क्रम चुकीचा आहे. बेटं आधी, शहर शेवटी.

थायलंडच्या आखातातल्या कोह ताओ बेटाचंच उदाहरण घ्या. तिथून बोटीने किनाऱ्यावरचं चुम्फोन, चुम्फोनहून रात्रीची रेल्वे किंवा बस, आणि सकाळी बँकॉक. कागदावर हे एका रात्रीत बसतं. पण थायलंडच्या आखाताच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ आहे आणि समुद्र खवळला की बोटी बंद होतात. अंदमान समुद्राच्या बाजूचा, म्हणजे फुकेत-क्राबीकडचा पाऊस साधारण आपल्यासारखा मे ते ऑक्टोबर. बरेच जण एका बाजूचं हवामान बघून दुसऱ्या बाजूचं तिकीट काढतात.

दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. कोह ताओला लोक जातात ते स्कूबा शिकायला. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटच्या डाइव्हनंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही. इन्स्ट्रक्टर हे सांगतोच, पण तुमचं विमान कधी आहे हे त्याला माहीत नसतं. ते तुम्ही त्याला सांगायचं.

मी लाओसमधून बँकॉकला येणार आहे. काय लक्षात ठेवू?

सोपा रस्ता आहे. लुआंग प्रबांगहून व्हिएन्तियानला डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या लाओस-चीन रेल्वेने साधारण दोन तासांत पोचता. पूर्वी डोंगरातून बसने अख्खा दिवस जायचा. पुढे व्हिएन्तियानहून थेट बँकॉकची रात्रीची गाडी जुलै २०२४ पासून धावते. ती भरलेली असेल तर मेकाँगवरचा थाई-लाओ मैत्री पूल ओलांडून ‘नोंग खाय’ या थाई गावात या आणि तिथून रात्रीची स्लीपर घ्या. खालचा बर्थ मिळाला तर घ्या, वरच्यापेक्षा रुंद असतो. थोडे पैसे जास्त पडतात, पण वसूल होतात.

दोन गोष्टी मात्र न विसरता करा. एक, थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, आणि प्रत्येक प्रवेशाला नव्याने भरावं लागतं. पहिल्यांदा आलात तेव्हा भरलेलं आता चालत नाही. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की समजायचं, आपण चुकीच्या दुकानात शिरलो. दोन, किप हे लाओसचं चलन, ते लाओसमध्येच संपवा. सीमेबाहेर ते बदलून घ्यायला कुणी उत्साही नसतं. शेवटच्या संध्याकाळी मेकाँगच्या काठावर बसून जेवा, उरलेल्या नोटांची कॉफी विकत घ्या. लाओसच्या बोलावेन पठारावरची कॉफी खरोखर चांगली असते.

कंबोडियाहून येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. २०२५ मधल्या थाई-कंबोडिया सीमासंघर्षात सीमेवरच्या पोइपेत गावाचा रस्ता प्रवाशांना बंद झाला. जुन्या ब्लॉगांत ‘सिएम रीपहून बसने बँकॉक’ असं अजूनही सापडेल. त्या भरवशावर शेवटचा आठवडा आखू नका. त्या बाजूने यायचं असेल तर विमानाचा खर्च धरून चाला.

तिकिटावर ‘१४ तारीख, ००:४०’ असं आहे. म्हणजे विमानतळावर कधी जायचं?

१३ तारखेच्या रात्री, साडेनऊपर्यंत.

हसू नका. भारताकडची बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, आणि एका दिवसाच्या चुकीने विमान हुकलेले लोक मला माहीत आहेत. दीड महिना वार-तारीख न बघता जगलेल्या माणसाकडून ही चूक फार सहज होते. फोनच्या कॅलेंडरमध्ये विमानाची वेळ टाकू नका, हॉस्टेलमधून निघायची वेळ टाका.

हॉस्टेलचं बुकिंगही त्याच हिशेबाने करा. १३ ला दुपारी बारा वाजता खोली सोडावी लागली तर रात्रीपर्यंत घामाघूम अवस्थेत फिरावं लागतं. बहुतेक हॉस्टेलं बॅग ठेवून घेतात, काही थोडे पैसे घेऊन अंघोळही करू देतात. आधी विचारून ठेवा. विमानात शेजारी बसणाऱ्याचाही विचार करायला हवा.

बँकॉकला विमानतळ कोणतं? तिथे जायचं कसं?

दोन आहेत आणि ते शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. तिकिटावर बीकेके असेल तर सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन मुआंग. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका.

सुवर्णभूमीला फाया थाईहून एअरपोर्ट रेल लिंक जाते, पूर्ण अंतराचं भाडं ४५ बात. ती मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे पहाटे तीनचं विमान असेल तर आधीच जाऊन बसायचं किंवा टॅक्सी करायची. खाओ सान या बॅकपॅकरांच्या भागातून एस-१ ही ६० बातची बस आहे, पण ती रात्री उशिरा नसते. डॉन मुआंगला मो चित स्टेशनहून ए-१ बस ३० बातमध्ये जाते. शिवाय क्रुंग थेप अफिवात या मोठ्या स्टेशनवरून रेड लाइनची लोकलही आहे.

सुवर्णभूमीला लवकर पोचलात तर वरच्या मजल्यावरच्या महागड्या कॅफेत बसू नका. पहिल्या मजल्यावर आठ नंबरच्या दाराजवळ कुपन घेऊन जेवायची जागा आहे, विमानतळावर काम करणारे लोक तिथेच जेवतात. शहरातल्या भावाच्या जवळपास जाणाऱ्या किमतीत गरम जेवण मिळतं. प्रवासातलं शेवटचं थाई जेवण तिथे घेतलं तरी मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

व्हिसाचा एखादा दिवस वर झाला तर काय होतं?

दिवसाला ५०० बात दंड, जास्तीत जास्त २०,००० बात. विमानतळावर इमिग्रेशनलाच भरावा लागतो आणि त्यात वेळ जातो. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर पुन्हा प्रवेशबंदी. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांचा मुक्काम मिळू लागला, पण असे नियम सरकारं बदलत असतात. म्हणून इंटरनेटवरचा आकडा धरू नका; पासपोर्टवरच्या शिक्क्यात जी तारीख लिहिली आहे तीच खरी. आल्याचा दिवसही मोजला जातो. माझा सल्ला: शिक्का पडला की तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून ठेवा, पुढे पासपोर्ट हरवला तरी तो कामाला येतो.

शेवटच्या रात्री डॉर्म घ्यावा की स्वतंत्र खोली?

खोली. स्वतःच्या बाथरूमची. सगळं सामान पसरायला, नीट झोपायला आणि थोडा वेळ कुणाशी न बोलता बसायला. खाओ सान रस्त्यावर मात्र नको, तिथे रात्री दोनपर्यंत ढोलताशा चालू असल्यासारखं असतं. थोडं पलीकडे, फ्रा अथित रस्ता किंवा सामसेनच्या गल्ल्या शांत आहेत आणि नदी चालत जाण्याइतकी जवळ आहे.

दोन दिवस हाताशी आहेत, पण अंगात त्राण नाही. मग करायचं काय?

हा माझा आवडता प्रश्न.

पहिली सकाळ झोपा. मग कपडे धुवायला टाका. गल्लीगल्लीत किलोवर धुऊन देणारी दुकानं आहेत आणि नाणी टाकून चालणारी चोवीस तासांची यंत्रंही आहेत. घरी मळके कपडे घेऊन जाणं हा आईवर अन्याय आहे, आणि ते तुम्ही पंचविशीचे असा की पस्तिशीचे, ती बोलून दाखवतेच.

मग पाण्यावर जा. चाओ फ्राया नदीत केशरी झेंड्याची बोट वीस बातच्या आत तुम्हाला शहराच्या या टोकाहून त्या टोकाला नेते. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट वेगळी आणि महाग, घाईत त्यात चढू नका. फ्रा अथितच्या धक्क्यावर चढायचं, सथोर्नपर्यंत जायचं, तिथून परत यायचं. काहीही ‘बघायचं’ नाही. ऑफिसातून सुटलेली माणसं, डुलक्या घेणारे भिक्खू आणि शिट्ट्या वाजवून बोट धक्क्याला लावणारा पोऱ्या. मला या बोटीत भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचची आठवण येते, फक्त पाव-भजी तेवढी मिळत नाही. नदीचा कंटाळा आला तर फान फा पुलापासून सुटणारी साएन साएप कालव्याची बोट घ्या. पाणी काळं आहे, वास येतो, अंगावर उडू नये म्हणून कडेच्या प्रवाशांनी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर धरायचा असतो. शहराच्या पाठीमागून जाणारा तो रस्ता मला मॉलपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

वाट फो हे देऊळ पहिल्या फेरीत राहून गेलं असेल तर सकाळी आठला, उघडल्या उघडल्या जा. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या पाठीमागच्या बाजूने १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत, त्यात एकेक नाणं टाकत चालायचं असतं. खिशातली सुटी नाणी भारतात कुणी बदलून देत नाही, इथे त्यांचं सोनं होतं. याच आवारात थाई मालिशची जुनी शाळा आहे. पाठीवर बारा किलो वाहून आलेल्या माणसाने तिथे एक तास द्यावा. बाहेरच्या गल्लीत त्याहून स्वस्त मिळेल.

एक पूर्ण दिवस असेल आणि पाय शिवशिवत असतील, तर अयुथया. बँकॉकपासून साधारण ८० किलोमीटर, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बातच्या आसपास, उघड्या खिडक्या आणि डब्यात फिरणारे विक्रेते. चौदाव्या शतकात वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळली. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत गुंतलेलं बुद्धाचं मस्तक तुम्ही फोटोत बघितलं असेल. तिथे फोटो काढताना खाली बसायचं, त्या मस्तकापेक्षा आपलं डोकं वर नको असा नियम आहे. स्टेशनाबाहेर सायकल भाड्याने मिळते. संध्याकाळी परत.

आणि गणपती. थाई लोक त्याला फ्रा फिकनेत म्हणतात आणि कलावंतांचा देव मानतात. हुआय ख्वांगच्या चौकातल्या देवळात रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन जवळच आहे. छाछोएंगसाओ गावाजवळ वाट समान या देवळात २२ मीटर लांबीचा, गुलाबी रंगाचा, कुशीवर लोडाला टेकलेला गणपती आहे. बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनहून रेल्वेने गावापर्यंत आणि पुढे गाडीने जाता येतं. तिथे तुम्ही उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि दुसऱ्या हाताने त्याचा दुसरा कान झाकायचा, म्हणजे सांगितलेलं बाहेर पडत नाही. आपल्याकडे कुणाला हे कसं सुचलं नाही!

मी शाकाहारी आहे आणि आता नूडल्स बघवत नाहीत.

पाहुरात भागात जा. तिथल्या गुरुद्वारा श्री गुरु सिंग सभेत सकाळचा लंगर असतो. डोकं झाकून जा, पंगतीत बसा, वाढलेलं पूर्ण खा. महिन्याभराने डाळ-पोळी समोर आली की काय होतं ते अनुभवावं लागतं. आसपास भारतीय खानावळी आणि मिठाईची दुकानं आहेत. बाकी शहरात पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस-मासे तर नाहीतच, फिश सॉसही नसतो. कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय.

हातातले बात संपत आले आहेत. पुन्हा एटीएममधून काढू का?

थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २२० ते २५० बात कापून घेतं, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. शेवटच्या दोन दिवसांसाठी लहान रक्कम काढणं म्हणजे नुसता तोटा. हिशेब असा करा: राहणं आणि विमानतळाची गाडी कार्डावर आधीच भरून टाका, मग रोखीत लागतं ते फक्त जेवण आणि बोट-बस. डॉलरची एखादी नोट जपून ठेवली असेल तर ती शहरात बदला. विमानतळावरच बदलायची वेळ आली तर वरच्या मजल्यांवरच्या बँकांपेक्षा रेल लिंक सुटते त्या तळघरातल्या मजल्यावरचे काउंटर चांगला भाव देतात.

उरलेल्या परकीय चलनाचं काय, हेही बरेच जण विचारतात. परतल्यावर १८० दिवसांत ते बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे द्यायचं असतं, मात्र २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतं. बॅकपॅकरकडे याहून जास्त उरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खरेदी शेवटीच करावी ना? आणि व्हॅट परत मिळतो म्हणतात.

हो, शेवटीच. चिआंग माईत घेतलेली मातीची वाटी पाठीवर घेऊन तीन देश फिरणं हा निव्वळ छळ आहे. शनिवार-रविवार बँकॉकमध्ये असाल तर चतुचकचा बाजार. सकाळी नऊ-दहाला जा, दुपारी तिथे भाजून निघाल. कपड्यांसाठी प्रतुनाम. ‘हत्तीछाप’ विजारी घ्यायचा मोह होईल. घ्या, पण एकच. मुंबईत ती घालून फक्त दूध आणायला जाता येतं.

व्हॅटचा, म्हणजे खरेदीवर लागलेल्या कराचा परतावा एकाच दुकानात एका दिवसात किमान २,००० बातच्या खरेदीवर मिळतो. व्हॅट परताव्याची पाटी असलेलं दुकान हवं, पासपोर्ट दाखवून फॉर्म तिथेच भरून घ्यायचा. विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमच्या काउंटरवर वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा, पैसे इमिग्रेशननंतर आतल्या काउंटरवर. क्रम उलटा झाला की संपलं. बाजारातल्या टोपीसाठी यात पडू नका.

काही गोष्टी आणूच नका. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला थाई ललित कला विभागाचा परवाना लागतो. ई-सिगारेट थायलंडमध्येही बेकायदा आहे आणि २०१९ पासून भारतातही. मिरचीची चटणी, करी पेस्ट हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीला ती ‘द्रव’ धरली जाते आणि शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर टोपलीत जाते. मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँकेचं याच्या उलट, ती हातातल्याच बॅगेत. भारतात येताना दोन लिटर दारू आणि शंभर सिगारेटींची मर्यादा आहे. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही, ते घेऊन आलात तर हॉस्टेलवाला तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.

हॉस्टेलात ओळख झालेल्या एका मुलाने मुंबईतल्या मित्रासाठी छोटं पार्सल न्यायला सांगितलं आहे. माणूस चांगला आहे. नेऊ का?

नाही. कितीही चांगला असला तरी नाही. सीलबंद बिस्किटाचा पुडा असला तरी नाही.

बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर कस्टमचं खास लक्ष असतं. खाऊच्या पाकिटांत, खेळण्यांत, बॅगेच्या खोट्या तळात लपवलेला हायड्रोपोनिक (मातीशिवाय वाढवलेला) गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येत असतात. जिवंत साप, सरडे आणि माकडंसुद्धा सापडली आहेत. पकडलेल्यांपैकी अनेक जण ‘मला कुणीतरी द्यायला सांगितलं होतं’ असंच सांगतात. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यापुढे हे वाक्य फारसं टिकत नाही. बॅग तुमची, तिच्यात जे आहे ते तुमचं.

एकट्या फिरणाऱ्याला हेरणं सोपं असतं. तो शेवटी शेवटी पैशाने तंग असतो, बोलायला कुणीतरी हवं असतं, आणि ‘तिकिटाचे पैसे देतो’ हे वाक्य नेमक्या त्या दिवशी येतं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण नको म्हणायला कचरतो. वाटू द्या वाईट. बॅग स्वतः भरा, कुलूप लावा, आणि भरल्यानंतर ती हॉस्टेलच्या बोळात सोडून जेवायला जाऊ नका.

थायलंडमध्ये गांजा मोकळा आहे ना? मग थोडासा...

२०२२ मध्ये मोकळा केला होता, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. तिथे काय चालतं हा तुमचा प्रश्न. विमानात चढताना मात्र गांजाची गमी (चघळायची गोळी), तेल, बिस्किटं, चुरा लागलेलं पाकीट, काहीही बॅगेत नको. रोजच्या वापरातल्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. कुणी दिलेली आणि विसरलेली गोळी ही विसरलेलीच असते, कुत्र्याला मात्र सापडते.

शेवटच्या दिवसांत पासपोर्ट हरवला तर?

घाबरायचं, पण पाच मिनिटंच. मग पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. तक्रारीची प्रत घेऊन सुखुमवितच्या सोई २३ मधल्या भारतीय दूतावासात जा. वेळ कमी असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. ते फक्त भारतात परतण्यापुरतं, एका प्रवासाचं असतं. त्यानंतर थाई इमिग्रेशनकडे जाऊन तुमच्या प्रवेशाची नोंद त्या नव्या कागदावर आणावी लागते. इथे मघाचा शिक्क्याचा फोटो उपयोगी पडतो. मध्ये शनिवार-रविवार आला तर कचेऱ्या बंद. दोन-तीन रात्री हातात ठेवा असं मी का म्हणते, ते कळलं असेल.

लोपबुरीत माकडाने ओरखडलं. लहानशी जखम आहे, परवा विमान आहे. घरी जाऊन दाखवलं तर चालेल?

नाही. आत्ता, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच इंजेक्शन घ्या. रेबीज एकदा झाला की उपचार नाही. लस वेळेत घेतली तर मात्र तो टळतो. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसची राणी साओवाभा संस्था आहे. लोकांना ती सर्पोद्यानामुळे माहीत असते, पण रेबीजच्या लशीसाठी तिचं नाव जगभर आहे. पहिला डोस तिथे घ्या, कार्ड नीट ठेवा, पुढचे डोस भारतात ठरल्या दिवशी पूर्ण करा. कुत्रा आणि मांजर यांनाही हेच लागू. प्रवासविमा असेल तर पावत्या जपा.

परतल्यावर ताप आला तर?

‘प्रवासाचा थकवा’ म्हणून क्रोसिन घेऊन पडून राहू नका. डेंगू डास चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांनी दिसतो, म्हणजे बँकॉकचा डास तुम्हाला डोंबिवलीत आडवं करू शकतो. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘मी अमुक तारखेला थायलंड-लाओसहून आलो’ हे असू द्या. ताप असताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, डेंगूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन चालू केलं असेल तर ते मलेरियाचा भाग सोडल्यावर चार आठवडे घ्यायचं असतं. घरी आलो म्हणून थांबवायचं नाही.

परत जावंसं वाटत नाही. तिकीट पुढे ढकलू का?

आधी तीन दिवस काही न करता राहून बघा. खूपदा परत जायचं नसतं असं नाही, थकवा आलेला असतो. पुढचं गाव डोळ्यांसमोर येऊन ‘तिथे जायचंच’ असं वाटत असेल तर ढकला, व्हिसाचे दिवस आणि पैसे असतील तर माझी काही हरकत नाही. पण ऑफिसचा सोमवार टाळायचा म्हणून त्याच हॉस्टेलात त्याच बीनबॅगवर आणखी दहा दिवस पडून राहणारे मी पाहिले आहेत. ते दहा दिवस प्रवासात धरत नाहीत.

याउलटही होतं, आणि त्याची लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही. शेवटच्या आठवड्यात घरची इतकी ओढ लागते की समोरचं देऊळ दिसेनासं होतं. वरण-भात, आपली उशी, मराठीत भांडायला कुणीतरी. हे अगदी बरोबर आहे. तिकीट अलीकडे आणायला फार पैसे पडत नसतील तर या दोन दिवस आधी. प्रवास पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

घरचे आता रोज चार फोन करतात. दीड महिना शांत होते!

शांत नव्हते, धरून होते. विमानाचा नंबर, निघायची आणि उतरायची वेळ, दोन्ही देशांच्या घड्याळात लिहून एकाच मेसेजात पाठवा. थायलंड आपल्यापुढे दीड तास आहे. उडण्याआधी एक मेसेज, उतरल्यावर एक. आणायला येतो म्हणाले तर येऊ द्या.

मुंबईला उतरल्यावर पुढे?

सकाळी आठला उतरलात तर पंधरा किलोची बॅग पाठीवर घेऊन अंधेरीहून लोकल पकडण्याचा पराक्रम करू नका. दीड महिन्यात शिकलेला सगळा संयम दादरपर्यंत संपतो. टी-२ ला आता मेट्रो-३ चं स्टेशन आहे, दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्यांना ती सोयीची. पुणे-नाशिकवाल्यांनी गाडी आधीच ठरवून ठेवावी.

घरी गेल्यावर बॅगेचं काय करायचं?

पलंगावर ठेवायची नाही. हॉस्टेलांतून ढेकूण सोबत येतात आणि एकदा घरात शिरले की वर्षभर पाहुणचार करावा लागतो. बॅग बाल्कनीत किंवा गच्चीवर उघडा, कपडे थेट गरम पाण्याच्या धुलाईला टाका, शिवणींमध्ये बॅटरी मारून बघा. झोपायची चादरपिशवी, टोपी, चपला यांनाही कडक ऊन दाखवा. रिकामी बॅग काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात राहू दे, मगच माळ्यावर टाका.